सांधा ऐकू येतो का?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदमध्ये इअरफोन मिळत नाहीत असं नाही. मोबाइलच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांपासून पुढचे इअरफोन टांगलेले असतात. पण एखाद्या गाणंवेड्या माणसाला सात-आठ हजारांचा हायब्रिड इअरफोन घ्यायचा असेल, तर आधी तो कानात घालायचा, आवडीचं गाणं लावून बघायचं आणि मग पैसे मोजायचे, ही सोय तालुक्याच्या गावात सहसा नसते. वस्तू कुरिअरने येते. पारख सुरू होते ती पैसे देऊन झाल्यावर, आणि परतीची मुदत संपायच्या आत ती पुरी करावी लागते. अशा गिऱ्हाइकाला जाहिरातीतल्या विशेषणांचा उपयोग नाही. काय ऐकायचं आणि हाताने काय तपासायचं, हे त्याला नेमकं ठाऊक हवं.

हायब्रिड म्हणजे एकाच कवचात दोन जातींचे ड्रायव्हर. पहिला डायनॅमिक. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं, वेटोळ्याला पातळ पडदा चिकटवलेला असतो. प्रवाह बदलला की पडदा पुढे-मागे होतो आणि हवा ढकलतो. घरातल्या स्पीकरचं तत्त्व हेच. इथे पडदा साधारण दहा मिलिमीटरचा. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर. यात चुंबकांच्या मधोमध धातूची बारीक पट्टी तोलून धरलेली असते. तिची थरथर एका काडीवाटे छोट्या पडद्यापर्यंत पोचते, आणि हे सगळं काही मिलिमीटर लांबीच्या बंद डबीत बसतं. डायनॅमिक ड्रायव्हर हवा भरपूर हलवतो, म्हणून खर्जाला वजन देतो. आर्मेचर चपळ असतो, वरचे बारकावे नेटके काढतो, पण एकट्या लहान आर्मेचरकडून भरदार खर्ज निघत नाही. मग दोघांना कामं वाटून द्यायची, अशी ही कल्पना.

आर्मेचरला घडवलं ते श्रवणयंत्रांच्या धंद्याने. 1946 साली सुरू झालेली अमेरिकेतली नोल्स कंपनी आजही असंख्य इअरफोनना आर्मेचर पुरवते. 1991 मध्ये एटिमोटिक रिसर्चने फक्त एका आर्मेचरवर चालणारा ईआर-4 आणला आणि कानाच्या नळीत खोल बसणाऱ्या इअरफोनची वाट मोकळी केली. 1995 च्या सुमारास जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन बँडच्या ढोलवादकासाठी रंगमंचावर घालायचे इअरफोन बनवले. अल्टिमेट इअर्स ही कंपनी त्यातून उभी राहिली. 2011 मध्ये आलेल्या एकेजी के3003 मध्ये एक डायनॅमिक आणि दोन आर्मेचर होते, कवच स्टेनलेस स्टीलचं आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. ही रचना मधल्या किमतीत आणली ती चिनी कंपन्यांनी. मूनड्रॉपच्या ब्लेसिंग 2 मध्ये एक डायनॅमिक आणि चार आर्मेचर आहेत, ट्रूथिअरच्या हेक्सामध्ये एक आणि तीन. भारतात साधारण सहा ते पंचवीस हजार रुपयांच्या पट्ट्यात आज असे कितीतरी पर्याय आहेत.

खोक्यावर ड्रायव्हरची संख्या ठळक छापतात. त्या आकड्यावर भाळू नये. ड्रायव्हर जितके जास्त, तितकं त्यांना एकमेकांशी जुळवून घेणं अवघड. कुठल्या कंपनसंख्येपर्यंत डायनॅमिकने वाजायचं आणि कुठून पुढे आर्मेचरने, हे ठरवणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. कपॅसिटर, रेझिस्टर, बारीक नळ्या आणि जाळ्या वापरून ही विभागणी होते. मात्र हद्दीजवळचे सूर दोघंही वाजवतात. त्यांची कंपनं एकमेकांच्या उलट पडली तर ती एकमेकांना खातात आणि तेवढ्या पट्ट्यात आवाजाला खड्डा पडतो. हायब्रिड इअरफोनची खरी परीक्षा या सांध्यावर आहे. खर्ज किती आणि झंकार किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

या परीक्षेसाठी विदर्भातल्या माणसाला परदेशी गाण्यांच्या याद्या शोधायची गरज नाही. त्याच्याकडे खंजिरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव पोचवलेली खंजिरी-भजनाची परंपरा इथे आजही जिवंत आहे, आणि तिची ध्वनिमुद्रणंही सहज मिळतात. लाकडी कड्याला एका बाजूने चामडं आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. एकाच थापेत चामड्याचा ठोका आणि चकत्यांची छनछन एकदम उमटते. हायब्रिड इअरफोन या एका थापेचे दोन तुकडे करतो: ठोका मुख्यतः डायनॅमिककडे, छनछन आर्मेचरकडे. जुळणी चांगली असेल तर कानाला एकच वाद्य, एकाच हाताने, एकाच जागी वाजताना ऐकू येतं. बिघडलेली असेल तर ठोका खाली कुठेतरी घुमत राहतो आणि चकत्या वर सुट्या, कोरड्या, काहीशा प्लॅस्टिकसारख्या वाजतात. हा फरक कळायला तयार कान लागत नाही. भजनाला बसलेल्या कुणालाही तो कळतो, कारण खरी खंजिरी कशी वाजते हे त्याला माहीत असतं.

पखवाज आणि तबलाही असेच उपयोगी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, उजव्याला शाई. कणकेच्या वजनाने डाव्याचा स्वर खाली उतरतो. शाईचं काम अधिक नाजूक. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारी कंपनं एकमेकांशी सुरेल प्रमाणात नसतात. शाईमुळे ती त्या प्रमाणात येतात, आणि म्हणून तबल्याला निश्चित सूर मिळतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये याच विषयावर लिहिलं होतं. इअरफोनच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. तबल्याच्या दायाँवर, म्हणजे उजव्या अंगावर, ‘ना’ लागल्यावर मूळ सुरावर चढलेले वरचे सूर योग्य प्रमाणात ऐकू आले पाहिजेत. वरचा पट्टा फाजील उचललेला असेल तर ‘ना’ टोचतो, दाबलेला असेल तर बोथट होतो. बायाँवरची, म्हणजे डाव्या अंगावरची, मींड सावकाश खाली सरकते. ती सरकताना आवाज मधेच फुगत किंवा विरत असेल, तर खर्जाची जुळणी सपाट नाही.

मग गळा. वसंतराव देशपांडे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात त्यांनी खाँसाहेब उभे केले. त्यांची तान मंद्रापासून तारसप्तकापर्यंत वीज चमकावी तशी जाते, आणि त्या प्रवासात गळा इअरफोनमधली हद्द ओलांडत असतो. तान वर जाताना गायक तोच आणि तेवढाच राहिला पाहिजे. मध्येच गळा बारीक झाला, पुढे आला किंवा मागे सरकला, तर सांधा ऐकू आला असं समजावं. या एका कसोटीवर मधल्या किमतीतले बरेच इअरफोन उघडे पडतात.

वरच्या टोकासाठी बोललेली मराठी लावावी. एखादं कीर्तन, नभोनाट्य किंवा कथावाचन चालेल. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक हा मुख्यतः उच्च कंपनांच्या सुस्काऱ्यातला फरक आहे. चांगल्या इअरफोनवर तो आपोआप वेगळा पडतो. दोन्ही च सारखेच वाटले तर वरचा पट्टा धूसर आहे. स, श आणि च प्रत्येक शब्दात कानाला ओरखडे काढू लागले तर पाच ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास कुठेतरी उंचवटा आहे. अशा इअरफोनवर पहिली दहा मिनिटं फार स्पष्ट, चकचकीत वाटतात आणि तासाभरात कान थकतात. म्हणून पहिल्या दिवशी मत बनवू नये.

जुनी मोनो ध्वनिमुद्रणं आणखी एक गोष्ट पकडून देतात. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी तोच आवाज जात असल्यामुळे त्यांचा गळा डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. तो एका बाजूला कलत असेल तर आधी कानात बसणाऱ्या दोन्ही मऊ टोप्या, म्हणजे टिप्स, नीट बसवून पाहाव्या, मग डावा-उजवा अदलाबदल करून पाहावा. इअरफोनबरोबर आवाजाचा कलही बाजू बदलत असेल, तर दोन नगांची जुळणी कच्ची आहे आणि वस्तू परत पाठवण्याजोगी आहे. ‘सैराट’ची गाणी शेवटी लावावीत. ‘याड लागलं’मधला मोठा वाद्यवृंद सुटा-सुटा ऐकू येतो का, आणि ‘झिंगाट’चा ताल गळ्यावर चढून बसतो का, एवढं बघितलं तरी पुरे.

यातली कुठलीही चाचणी कानात पक्की बैठक बसल्याशिवाय खोटी ठरते. टिप आणि कानाची नळी यांत फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज गळून जातो. खर्ज नसल्याच्या अनेक तक्रारी आतल्या ड्रायव्हरच्या नसतात, चुकीच्या मापाच्या टिपच्या असतात. सोबत आलेली तिन्ही मापं लावून बघावीत. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागणंही नेहमीचं आहे. दोन इअरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण थोडा मोठा वाजणारा इअरफोन उगाचच चांगला वाटतो.

इंटरनेटवरचे आलेख मदत करतात, पण त्यांची मर्यादा ओळखून. हे आलेख बहुतेक आयईसी 60318-4 नावाच्या कृत्रिम कानावर काढलेले असतात. त्यात तीन हजार हर्ट्झजवळ उंचवटा दिसला तर दचकायचं कारण नाही. मोकळ्या कानाची नळी स्वतःच त्या सुमाराला आवाज वाढवते आणि इअरफोनला ती वाढ भरून द्यावी लागते. हा उंचवटा कमी असेल तर गायक पांघरुणाआडून गात असल्यासारखा वाटतो, जास्त असेल तर ओरडतो. आठ हजारांच्या पुढची आलेखाची रेघ मात्र इअरफोन किती खोल बसवला यावर बदलत जाते. तिथे स्वतःच्या कानावर विश्वास ठेवलेला बरा.

आता बांधणी. कवच राळेचं असो वा धातूचं, वरची तबकडी आणि खालचं शरीर जिथे जुळतं तिथून नख फिरवावं. ते अडकता कामा नये, सुकलेला गोंद दिसता कामा नये. इअरफोनच्या नळीच्या तोंडाशी टिप अडकायला कंगोरा हवा, नाहीतर टिप कानातच राहते. नळीवरची जाळी सरळ बसलेली असावी. डायनॅमिक ड्रायव्हरला श्वास घ्यायला एखादं सूक्ष्म छिद्र ठेवतात, ते मोकळं आहे का ते पाहावं. कानात घालताना कडकड असा आवाज आला तर हवेच्या दाबाने पडदा चुरगळतो आहे. एखाद्या वेळी झालं तर ठीक, दरवेळी होत असेल तर बरं नाही.

केबल सुटी होणारी घ्यावी, कारण इअरफोनमध्ये सगळ्यात आधी जाते ती केबल. 0.78 मिलिमीटरचे दोन पिन किंवा गोल फिरणारा एमएमसीएक्स, या दोन्ही जोडण्या सर्रास मिळतात. पिन सरळ खोवावेत, तिरपे दाबले की वाकतात. इकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर असतो. त्या दिवसांत इअरफोन मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नये आणि घामेजलेला डबीत बंद करू नये. घामाने पिनांवर हिरवा थर चढतो आणि आवाज खरखरू लागतो. जाळीवरचा मळ मऊ कोरड्या ब्रशने, नळीचं तोंड खाली धरून झाडावा.

इअरफोन कशाला जोडतो यावरही बरंच ठरतं. आर्मेचरचा विद्युत अवरोध प्रत्येक सुराला वेगळा असतो. जोडलेल्या यंत्राचा स्वतःचा अवरोध जास्त असला, तर हायब्रिडचा नादच बदलतो. काही जुन्या अॅम्प्लिफायरच्या हेडफोन जॅकवर हे हमखास जाणवतं. फोनला 3.5 मिलिमीटरचं भोक नसेल तर चांगला यूएसबी-सी डोंगल पुरतो. सात हजारांच्या इअरफोनसाठी दहा हजारांचा अॅम्प्लिफायर घ्यायचं कारण नाही.

रेल्वे पकडायला नांदुऱ्याला निघालं की एसटीत इंजिन आणि खिडक्यांचा खडखडाट असतो. त्यावर मात करायला लोक आवाज वाढवत नेतात. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाट बराच अडवतो, म्हणून कमी पातळीवरही गाणं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास सुरक्षित आहेत, 90 डेसिबलला फक्त 4. मधल्या किमतीचा नीट बसणारा इअरफोन घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण कदाचित हेच आहे.

एका डायनॅमिकबरोबर दोन ते चार आर्मेचर असलेली रचना या किमतीत पुरेशी आहे. त्यापुढच्या आकड्याला जादा पैसे मोजू नयेत. आणि खंजिरी ज्यावर एकसंध वाजते असा एकाच डायनॅमिकचा स्वस्त इअरफोन, दुभंगून वाजणाऱ्या महाग हायब्रिडपेक्षा केव्हाही सरस. मागवण्याआधी परतीची मुदत आणि उघडलेली टिप्सची पाकिटं परत घेतात का, हे लेखी विचारून घ्यावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. जळगाव जामोदच्या माणसाला त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही, बुलढाण्याचा जिल्हा आयोग पुरतो. तेव्हा बिल, खोकं आणि न वापरलेल्या टिप्स निदान मुदत संपेपर्यंत जपून ठेवा.