विश्वचषकाची वाट आणि मधला थांबा

मार्च २००३ मध्ये जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाने भारताचा १२५ धावांनी पराभव केला. तरीही त्या स्पर्धेच्या आठवणी क्रिकेटरसिकांच्या मनात आजही ताज्या आहेत. चोवीस वर्षांनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये, ही स्पर्धा पुन्हा आफ्रिका खंडात भरवण्याचे नियोजन आहे. यजमान देश तीन : दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया. १४ संघांच्या ५४ सामन्यांपैकी ४४ सामने दक्षिण आफ्रिकेत, तर उरलेले १० इतर दोन देशांत होणार आहेत.

अशा स्पर्धेसाठी अनेक कुटुंबे दोन-तीन वर्षे आवर्ती ठेवीत रक्कम साठवतात. परंतु साठवलेला पैसा खर्च करताना बहुतेकांची नजर तिकिटाच्या किमतीवरच खिळते. भारतातून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना मध्ये कोठेतरी विमान बदलावे लागते. हा मधला थांबा म्हणजे केवळ विमानतळ नव्हे. तोही एक देशच असतो आणि त्याचे स्वतःचे कायदे असतात. ते तपासल्याखेरीज कोणतेही तिकीट स्वस्त ठरवणे धाडसाचे होईल.

एक तिकीट की दोन?

दोन विमानांचा प्रवास एकाच आरक्षणावर असेल, तर पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकल्यास प्रवाशाला पुढच्या विमानाने पोहोचवण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीकडे राहते. सामानही बहुधा पुढे परस्पर जाते. दोन स्वतंत्र तिकिटे घेतल्यास ही साखळी तुटते. सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि तेथेच व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. दुसरे विमान चुकले तर तो प्रवासी गैरहजर समजला जातो, आणि त्या तिकिटावरील परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो.

इंदूर, हैदराबाद किंवा बेळगावहून निघणाऱ्यांच्या बाबतीत मुंबई-दिल्लीपर्यंतचा देशांतर्गत प्रवास हाही याच साखळीतील एक दुवा असतो. तो स्वतंत्र तिकिटावर असेल, तर आदल्या दिवशीच पोहोचणे हिताचे.

थांबा कोणत्या देशात?

दुबई किंवा दोहा येथे विमानतळाच्या आतच राहून, एकाच आरक्षणावर पुढे जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. शहरात जायचे असल्यास मात्र त्या देशाचे प्रवेशाचे नियम पाळावे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसा आहेत. ते विमान कंपनीमार्फत आधीच मिळवावे लागतात. केनियात विमानतळाबाहेर पडण्यासाठी जानेवारी २०२४ पासून भारतीयांना इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी आधीच घ्यावी लागते.

सर्वच देशांचे नियम असे सैल नसतात. लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला, तो विमानतळाबाहेर पडला नाही तरी, ट्रान्झिट व्हिसा आवश्यक असतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणे यांसारख्या ठरावीक परिस्थितींतच सूट मिळते. अमेरिकेत तर केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. म्हणूनच ‘आपण बाहेर पडणारच नाही’ एवढ्या विश्वासावर तिकीट काढू नये.

पीतज्वराचा दाखला

आफ्रिकेच्या वाटेवर व्हिसाइतकेच महत्त्व एका छोट्या पिवळ्या पुस्तिकेला आहे. केनिया आणि इथिओपिया हे देश पीतज्वराच्या, म्हणजेच यलो फीव्हरच्या, जोखमीच्या यादीत आहेत. तेथील विमानतळावर १२ तासांपेक्षा अधिक थांबून येणाऱ्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका लसीकरणाचा दाखला मागते. भारताचा नियमही कडक आहे. जोखमीच्या देशात राहून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. संपूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच थांबलेल्यांना सवलत मिळू शकते; पण तिचा निर्णय आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती असतो.

समजा, चौघांच्या कुटुंबाला नैरोबीमार्गे तिकीट माणशी आठ हजार रुपयांनी स्वस्त मिळाले. एकूण बचत झाली बत्तीस हजारांची. परतीच्या वाटेवर नैरोबीत एक रात्र मुक्काम झाला आणि लस मात्र कोणीच घेतलेली नाही. अशा वेळी मायदेशी उतरल्यावर विलगीकरणाची वेळ आली, तर चौघांची रजा, शाळा आणि रोजची कामे यांचा हिशेब त्या बचतीपेक्षा सहज मोठा होतो. लस घेतली की हाच मार्ग निर्धोक ठरतो. ती शासनमान्य केंद्रांवरच मिळते, तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो आणि तो आजीवन चालतो. केंद्रावर आधी नाव नोंदवावे लागत असल्याने हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

तीन देश, एक पासपोर्ट

दक्षिण आफ्रिकेत उतरून झिंबाब्वेतील सामना पाहणे आणि पुन्हा दक्षिण आफ्रिकेत येणे म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश करणे होय. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा येथे अपुरा पडतो. अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी. दक्षिण आफ्रिकेसाठी पासपोर्टमध्ये किमान दोन कोरी पाने लागतात. तीन देशांचे शिक्के ध्यानात घेता अधिक पाने असलेली बरी. मुले सोबत असल्यास जन्मदाखला आणि, आई-वडिलांपैकी एकच जण बरोबर असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवावे.

जोहान्सबर्गला उतरून पुढे दरबान किंवा केपटाउनला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सामानावर अंतिम शहराची चिठ्ठी असली, तरी देशातील पहिल्या विमानतळावर ते ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावे लागते. त्यामुळे दोन विमानांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. सामन्याच्या दिवशीच पोहोचण्याचा बेत तर कटाक्षाने टाळावा. २३ जून २०२५ रोजी कतारने आपले हवाई क्षेत्र काही तासांसाठी बंद केले, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्या असंख्य प्रवाशांचे वेळापत्रक कोलमडले होते. एक राखीव दिवस हा अशा प्रसंगीचा सर्वांत सोपा विमा होय.

चलनाचा मेळ

दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियातही कायदेशीर चलन आहे आणि नामिबियाच्या डॉलरचे मूल्य त्याच्याशी एकास एक बांधलेले आहे. मात्र नामिबियाचा डॉलर दक्षिण आफ्रिकेत सहसा स्वीकारला जात नाही. तो सीमा ओलांडण्यापूर्वीच खर्च करावा. झिंबाब्वेत स्थानिक चलनाबरोबर अमेरिकी डॉलर सर्रास चालतो, परंतु सुट्ट्यांची चणचण असल्याने लहान मूल्याच्या नोटा न्याव्यात. रोख थोडी, उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर आणि मधल्या थांब्यासाठी थोडे डॉलर, ही विभागणी सोयीची ठरते.

कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम सामन्यांची निवड, मग मार्ग आणि थांब्याचे नियम, त्यानंतर लस व व्हिसा. परतावा न मिळणारे तिकीट सर्वांत शेवटी. व्हिसाच्या अर्जाला आरक्षण जोडावे लागत असेल, तर ते रद्द करता येण्याजोगे असावे. प्रवासविमा घेताना विमान चुकणे आणि सामान हरवणे या बाबी त्यात आहेत का, हे वाचून घ्यावे. नियम बदलत असतात; म्हणून तिकिटापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा संबंधित दूतावास व विमान कंपनी यांच्याकडे खात्री करावी.

मैदानावरचा निकाल कोणाच्याच हाती नसतो. तेथवर वेळेत पोहोचणे आणि निर्धास्तपणे घरी परतणे मात्र बऱ्याच अंशी नियोजनाच्या हाती असते.