भ्रमणध्वनी आणि मुलांची सुरक्षितता

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता, त्या घरातही तो मुलांच्या हाती द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या. परंतु मुलांच्या हातातील हे साधन परत गेले नाही. अभ्यास, खेळ, करमणूक आणि मित्रमंडळींशी बोलणे या सर्वांसाठी ते आज वापरले जाते. घराच्या दारातून येणारा अनोळखी मनुष्य पालकांच्या नजरेस पडतो. पडद्यातून येणारा मात्र पडत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने करणे आवश्यक आहे.

धोक्याचे स्वरूप

मुलांना या मार्गाने फसविणारी व्यक्ती सहसा आरंभीच काही मागत नाही. समवयस्क असल्याचे भासवून ती एखाद्या खेळातून वा समाजमाध्यमातून ओळख करून घेते, कौतुक करते, घरच्यांविषयीची गाऱ्हाणी आपुलकीने ऐकते. मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ अशी अट येते आणि पाठोपाठ एखाद्या खाजगी छायाचित्राची मागणी. ते हाती पडले की सर्वांना पाठविण्याची धमकी देऊन आणखी छायाचित्रे वा पैसे उकळले जातात. मुलाने काहीही पाठविले नसले तरी त्याच्या साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनावट अश्लील चित्र तयार करणेही आता शक्य झाले आहे.

या साखळीचा सारा भार एकाच गोष्टीवर असतो. मूल घरी बोलणार नाही, अशी गुन्हेगाराची खात्री असते. मार बसेल, भ्रमणध्वनी काढून घेतला जाईल, मुलगी असल्यास शिक्षणच थांबेल, या भीतीने मूल गप्प राहते. म्हणजे घरातील धाक नकळत गुन्हेगाराच्याच कामी येतो. मुलाला निर्भयपणे सांगता येणे हा सुरक्षिततेचा खरा पाया होय.

दोन गावांचे ठराव

महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये या विषयात पुढाकार घेतला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी येथील ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या भ्रमणध्वनी वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळा मार्ग निवडला. तेथे सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला व मोठ्यांनी वाचनाला वा संवादाला बसावे, असा नियम गावाने केला.

दोन्ही ठरावांमागील कळकळ सारखीच आहे. तथापि केवळ बंदी असेल तर चोरून वापरणारे मूल संकटात सापडल्यावर तोंड उघडण्याचा संभव आणखी कमी होतो. जो नियम वडीलधारी माणसेही पाळतात, तो मुलांना जाचक वाटत नाही. शिवाय त्या मोकळ्या वेळात बोलण्याची संधी मिळते. इतर गावांनी या भेदाचा विचार करावा.

पालकांनी काय करावे

काही गोड वा कडू घडले तर रागावणार नाही आणि शिक्षा म्हणून भ्रमणध्वनी काढून घेणार नाही, असे वचन पालकांनी मुलांना आधीच द्यावे व ते पाळावे. लहान मुलांनी तो घरातील सर्वांच्या वावराच्या जागीच वापरावा. रात्री तो झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. इन्स्टाग्राम व फेसबुक यांच्या स्वतःच्या नियमांनुसार १३ वर्षांखालील मुलांना तेथे खाते उघडता येत नाही. वय खोटे सांगून खाते उघडून देऊ नये. गुगलच्या ‘फॅमिली लिंक’ या विनामूल्य सोयीने वापराची वेळ व नवी ॲप यांवर मर्यादा घालता येते. व्हॉट्सॲपवर कोणत्याही गटात कोणी आपल्याला घालावे, हेही ठरविता येते. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

संकट ओढवलेच तर पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही. संदेश पुसून न टाकता खात्याचे नाव, दुवा, तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि भ्रमणध्वनी आहे तसा पोलिसांना दाखवावा. पुरावा म्हणून ते चित्र शिक्षकांना, नातेवाइकांना किंवा गटात मुळीच पाठवू नये. मुलांची अश्लील चित्रे पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७-ब अन्वये गुन्हा असून पहिल्या अपराधासही ५ वर्षांपर्यंत कारावास व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याचा आधार

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. असा अपराध घडल्याचे कळल्यावर तो पोलिसांना कळविणे सर्वांवर बंधनकारक असून शाळेची बदनामी टाळण्यासाठी प्रकरण आपसात मिटविणारा मुख्याध्यापकही शिक्षेस पात्र ठरतो. त्याचबरोबर हा कायदा मुलाला जपतो. जबाब मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेता येतो. तो घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. या तरतुदी पालकांना ठाऊक झाल्या तर तक्रार करण्याचा संकोच पुष्कळसा दूर होईल.

१९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा आज देशभर विनामूल्य उपलब्ध आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हे क्रमांक आहेत. मुलांविषयीच्या अश्लील साहित्याची तक्रार केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर आपले नाव न देताही करता येते.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लावावेत. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा. गावच्या बाल संरक्षण समितीने, मुलांना जिच्याकडे न संकोचता जाता येईल अशी एक शिक्षिका वा अंगणवाडी सेविका निश्चित करून तिचे नाव प्रत्येक वर्गात सांगावे. या कामांना निधीची वाट पाहावी लागत नाही. यंत्रे व ॲप दरवर्षी बदलतील आणि त्यांची माहिती मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक राहील. परंतु घाबरलेल्या मुलाचे ऐकून घेण्यासाठी ते ज्ञान लागत नाही. एवढा विश्वास प्रत्येक घराने, शाळेने व गावाने मुलांना दिला, तर धमकी देणाऱ्याच्या हातातील मुख्य शस्त्रच निकामी होईल.