इंधनाचा फवारा
सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक तापते. कारण दाबलेली हवा उष्ण होते. याच तत्त्वाच्या आधारे रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन सिद्ध केले. त्यात विजेची ठिणगी लागत नाही. दट्ट्याने दाबलेली सिलिंडरमधील हवा ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. नेमक्या त्याच वेळी सूक्ष्म छिद्रांतून इंधनाचे तुषार वेगाने आत शिरतात आणि आपोआप पेटतात. थेंब मोठे राहिले, तर ते पुरते जळत नाहीत व काळा धूर निघतो.

आरंभी इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा पुरविणारे अवजड यंत्र लागे. त्यामुळे हे इंजिन वाहनात बसविणे कठीण होते. १९२७ साली बॉश कंपनीने लहानसा इंधन-पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि मालमोटारींना डिझेलची शक्ती लाभली.