म्हातारं मांजर रात्री का ओरडतं?

धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून आणलेली मनी बघता बघता घरचीच होते. दहा-अकरा वर्षांची झाली, की तिची झोप बदलू लागते.

धडधाकट मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. म्हातारपणी झोप आणखी वाढते. सांधे दुखू लागले, की माळ्यावर चढणारी मनी खालीच ऊब शोधते. तिला जमिनीलगत गोधडीची घडी द्या, पाणी जवळ ठेवा.

काही मांजरं मात्र दिवसभर झोपतात आणि रात्री मोठ्यानं ओरडत घरभर फिरतात. आपल्याकडे याला अपशकुन मानतात. कुणी पोत्यात घालून लांब सोडूनही येतं. बायांनो, हा अपशकुन नव्हे, दुखणं असू शकतं. वयामुळं ऐकू कमी येतं, नजर मंदावते, मेंदू थकतो, मग अंधारात ते गोंधळतं. भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइडचा आजार असू शकतो. पाणी फार पीत असेल, तर मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा. यांवर उपचार आहेत.

म्हणून झोप, खाणं, पाणी यांवर आठवडाभर लक्ष ठेवा आणि मलकापूर-कराड भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना ते सगळं सांगा. खाणं सोडलं असेल, तर आठवडा थांबू नका. आणि घरातली पॅरासिटॅमॉल कधीच देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

ज्या मनीनं आपलं धान्य राखलं, तिचं म्हातारपण आपण राखायचं.