एकाच हौदातले दोघे

१४ जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली आणि ५५ सेकंदांत निकाली झाली. राजगुरुनगरच्या शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला चितपट केलं. महेंद्र आपल्या जिल्ह्यातला, मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा. त्यामुळे गदा सोलापूरला येता येता राहिली याची हळहळ वेळापूर-अकलूजच्या पट्ट्यात वाटणारच. वस्ताद काका पवारांना मात्र निकालाची चिंता करायचं कारण नव्हतं. शिवराज आणि महेंद्र दोघेही त्यांच्याच कात्रजच्या आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुलातले पठ्ठे. कुणीही जिंकलं असतं तरी गदा एकाच तालमीत जाणार होती.

एका तालमीतले दोघे शेवटच्या कुस्तीला समोरासमोर येतात कसे, हे या स्पर्धेच्या बांधणीतच आहे. केसरी गटात गादी आणि माती असे दोन विभाग असतात. दोन्हींतले विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. त्या वर्षी शिवराजनं गादीवर हर्षवर्धन सदगीरला हरवलं, तोही संकुलातलाच सोबती. मातीत महेंद्रनं मोहोळच्या सिकंदर शेखला हरवलं आणि त्या कुस्तीतल्या चार गुणांवरून पुढे कितीतरी दिवस वाद चालला. जिल्ह्याच्या निवड चाचणीत एका वजनगटात एका विभागातून एकच जण पुढे जातो. म्हणून एका वजनाचे दोन मित्र असले की एक गादी धरतो, दुसरा माती. जिल्ह्यापुरता पेच सुटतो. केसरी गटात मात्र हीच वाटणी दोघांना शेवटच्या कुस्तीत एकमेकांसमोर आणून उभं करते.

तालमीत ‘जोड’ जमते ती वजनावर. गावच्या तालमीत पंधरा-वीस पोरं असली तरी एका वजनाची दोन-तीनच निघतात, मग वर्षानुवर्षं तोच जोडीदार. पहाटे उठून आधी हौद खणायचा. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलेली लाल माती रात्रीतून बसते, ती फावड्यानं उकरून मऊ करायची. मग जोर, बैठका, सपाट्या, आणि अंग तापलं की लढती. याचा उजवा गुडघा दुखरा आहे, दम लागला की हा मान खाली घालतो, पट काढायच्या आधी याचा डावा खांदा किंचित खाली येतो, हे सगळं जोडीदाराला घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक.

सरावातल्या लढतीत आणखी एक गोष्ट घडते, ती बाहेरून दिसत नाही. वस्ताद एखादा नवा डाव शिकवत असेल, समजा ढाक किंवा कलाजंग, तर जोडीदारानं तो लागू द्यायचा असतो. अंग सैल सोडायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. आज तू पड, उद्या मी पडतो, या हिशेबानं दोघेही तयार होतात. हे पडणं अंगात मुरलेलं असतं. मैदानात त्याच माणसाच्या हातात मनगट गेलं की अंग आपसूक सैल पडू पाहतं. जुने पैलवान म्हणतात, जोडीदाराशी लढताना पहिली कुस्ती आपल्याच सवयीशी.

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराची यात्रा चैत्रात भरते, आणि या भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते, तेव्हा गाव टाळ-मृदंगाचं, चैत्रात हलगीचं. यात्रेच्या मैदानात स्पर्धेसारखे गट-बिट नसतात. दुपारी लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, ऊन कलेल तसा इनाम वाढत जातो आणि मानाची कुस्ती शेवटी. मधल्या कुस्त्यांच्या जोड्या बऱ्याचदा जागेवरच लागतात. पोरं लांग लावून फडात चक्कर मारतात, पंच दोघांची वजनं डोळ्यांनी तोलतात, दंड चाचपतात आणि हात धरून उंच करतात. पंच परगावचे असले, तर ही दोघं सकाळी एकाच जीपमधून आली आहेत हे त्यांना कळणार कसं?

अशी जोड लागली की फडातल्या जाणत्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: नुरा. म्हणजे आधी ठरवून, इनाम वाटून घ्यायच्या बोलीवर केलेली कुस्ती. हा संशय दरवेळी खरा नसतो, पण तो उगाचही येत नाही. पैलवानाचा खुराक, दूध, तूप, बदाम, घरच्यांच्या जिवावर चालतो. महिनाभर पुरेल एवढा इनाम एका दुपारी डोळ्यांसमोर दिसत असताना दोन गरीब पोरांनी आपसात काही ठरवलं, तर मला त्यांचा फार राग येत नाही.

नुरा ओळखायची कशी? खडाखडीकडे, म्हणजे डावाआधीच्या उभ्या झटापटीकडे पाहावं. खऱ्या कुस्तीत मानेवर पडलेला हात दाबतो, ओढतो, समोरच्याचा तोल मोडतो. नुरात तो नुसता विसावतो. खरा पट आला की बचाव करणारा ढुंगण मागे फेकून सगळं वजन समोरच्याच्या पाठीवर टाकतो. नुरात पाय पकडला जातो आणि मग दोघेही क्षणभर थांबतात. पंचाच्या लक्षात आलं, तर तो कुस्ती सोडवतो आणि दोघांना रिकाम्या हातानं बाहेर काढतो. मात्र खडाखडी लांबली म्हणजे नुराच, असंही नाही. एकमेकांचे सगळे डाव पाठ असलेले दोघे खरोखर लढले तरी बराच वेळ काहीच घडत नाही, कारण डाव सुरू व्हायच्या आधीच त्याची तोड हजर असते. प्रेक्षक शिट्ट्या मारतात, आणि आत दोघांच्या छातीचा भाता झालेला असतो.

टीव्हीवर दिसते त्या रिंगणातल्या कुस्तीचा रिवाज याच्या अगदी उलटा. अमेरिका, ब्रिटन, जपानात छोट्या हॉलमध्ये खेळ करणाऱ्या कंपन्या नवख्याला पहिल्यांदा उतरवतात, तेव्हा समोर बऱ्याचदा त्याच्याच शाळेतला जोडीदार देतात. तिथं निकाल आधीच ठरलेला. उंचावरून फेकलेलं अंग नीट पडू देण्याची जबाबदारी फेकणाऱ्याचीही असते, आणि नवख्याच्या बाबतीत ती अनोळखी माणसावर सोपवायला सहसा कुणी धजत नाही. तालमीतलं ते ‘आज तू पड’ तिथं उघड धंदा होतं, आणि तो धंदा बिनघोर चालतो, कारण तिकीट काढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. आपल्याकडे मुंबईत दारासिंग आणि किंग काँग यांच्या अशा कुस्त्यांना तुफान गर्दी व्हायची. २०१२ साली कलर्स वाहिनीवर दाखवलेल्या ‘रिंग का किंग’चं चित्रीकरण तर पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झालं. मातीतल्या वस्तादांनी त्याकडे पाहून नाकं मुरडली असतील, पण जोडीदारावर अंग टाकायचा विश्वास ही दोन्हीकडची मूळ विद्या एकच.

त्याच बालेवाडीत ७ जानेवारी २०२० ला काका पवारांचे दोन पठ्ठे असेच गदेसाठी भिडले होते: नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. हर्षवर्धन ३-२ नं जिंकला. दोघांनी एकमेकांना किती जखडून ठेवलं होतं, ते गुणांतच दिसतं. निकाल लागल्यावर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो राज्यभर फिरला.

एकाच तालमीतल्या दोन जोड्या, एकीत ३-२, दुसरीत ५५ सेकंद. माझं मत असं, की ओळखीतून हे दोनच निकाल निघतात. दोघांनीही वाट पाहायची ठरवली, तर कुस्ती गुणागुणानं रखडते. एकानं ओळखीचा दरवाजा पहिल्याच झटक्यात ढकलला, तर समोरच्याला सावरायला वेळच उरत नाही. मधली, रंगत जाणारी कुस्ती बघायची असेल, तर अनोळखी जोड लागते.

शिवराज-महेंद्रच्या त्या कुस्तीच्या निकालावर तक्रार झाली नाही. दोन वर्षांनी मात्र, २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत, दोघेही पृथ्वीराज मोहोळविरुद्ध वेगवेगळ्या कुस्त्यांत उतरले. शिवराजनं आपली पाठ टेकल्याच्या निर्णयावरून पंचाला लाथ मारली. शेवटच्या कुस्तीत महेंद्रनं पंचांशी वाद घालून काही सेकंद उरले असताना मैदान सोडलं. कुस्तीगीर संघानं दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

यात्रेच्या फडात जोडीदारच समोर येण्याचा पेच गावच्या तालमींचे वस्ताद आपल्या पद्धतीनं टाळतात. चैत्र-वैशाखात एकाच दिवशी दोन-तीन गावच्या यात्रा पडतात. मग एका वजनाच्या पोरांतलं एक या गावाला पाठवायचं, दुसरं त्या गावाला. रात्री दोघे तालमीवर परत आले की कुणी किती आणलं ते विचारायचं, आणि पहाटे पुन्हा दोघांच्या हातात फावडं द्यायचं.