ड्रमला बोलू देणारा पियानोवादक : हर्बी निकल्स

जॅझच्या इतिहासात हर्बी निकल्सचं नाव येतं ते बहुधा एका गाण्याच्या निमित्ताने. ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ची चाल त्याची. मूळ रचना निव्वळ वाद्यासाठी होती, तिचं नाव ‘सेरेनेड’. गायिका बिली हॉलिडेने तिला शब्द दिले आणि १९५६ साली ती गायली. गाणं जगभर पोहोचलं. निकल्स मात्र पोटासाठी इतरांच्या डिक्सिलँड बँडांमध्ये जुन्या धाटणीचं संगीत वाजवत राहिला.

त्याचा जन्म ३ जानेवारी १९१९चा, न्यू यॉर्कमधला. आईवडील त्रिनिदाद आणि सेंट किट्स या कॅरिबियन बेटांवरचे. पियानोवादक थेलोनियस मंकला फारसं कुणी गंभीरपणे घेत नव्हतं, त्या चाळीसच्या दशकात निकल्सने त्याच्यावर कौतुकाने लिहिलं. पुढे मंकला मान मिळाला आणि निकल्सवर ‘मंकसारखा’ हा शिक्का बसला. हा शिक्का त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

ब्लू नोट या ध्वनिमुद्रण कंपनीचा मालक आल्फ्रेड लायन याच्याकडे निकल्सने अनेक वर्षं पाठपुरावा केला. अखेर मे १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात पाच बैठकांत त्याच्या रचना ध्वनिमुद्रित झाल्या. ड्रमवर आधी आर्ट ब्लेकी, नंतर मॅक्स रोच. ही नावं महत्त्वाची आहेत, कारण निकल्सच्या संगीताचं मर्म ड्रममध्ये आहे. जॅझच्या त्रिकुटात पियानो पुढे आणि ड्रम साथीला, अशी सर्वसाधारण रीत. निकल्स चाल बांधतानाच मधल्या मात्रा मोकळ्या सोडतो. त्या जागी ड्रम बोलतो आणि त्याचं बोलणं धरून पियानो पुढे सरकतो. सवाल-जवाब रचनेतच गुंफलेला असतो.

त्याची ‘हाउस पार्टी स्टार्टिंग’ ही रचना ऐकावी. नाव मेजवानीचं, पण सुरांत उत्साहापेक्षा चाचपणी जास्त. वरची छोटी ओळ फिरून फिरून येते, खालचे स्वरमेळ मात्र सरकत राहतात. त्यामुळे तीच ओळ कधी प्रश्न वाटते, कधी हुरहुर. पुढे विस्तार करतानाही निकल्स मूळ चालीचं बोट सोडत नाही. वेगवान तानांनी दिपवणं हा त्याचा पिंडच नव्हता.

असं संगीत तालमीशिवाय उभं राहत नाही. रात्रीच्या क्लबात ऐनवेळी जमलेल्या वादकांना ते पेलणारं नव्हतं, आणि स्वतःचा कायमचा बँड पोसण्याइतके पैसे निकल्सकडे कधीच नव्हते. १९५७ साली बेथलेहेम कंपनीसाठी आणखी एक तबकडी निघाली, मग काहीच नाही. १२ एप्रिल १९६३ रोजी ल्युकेमियाने तो गेला. वय ४४.

१९६६ साली ए. बी. स्पेलमनने चार जॅझ कलावंतांवरच्या पुस्तकात त्याला जागा दिली. तरुणपणी निकल्सबरोबर वाजवलेला ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड त्याच्या अप्रकाशित रचना जपत, वाजवत राहिला. १९८७ साली मोझेक कंपनीने ब्लू नोटची मुद्रणं एकत्र काढली, तेव्हा कुठे या कामाचा आवाका लोकांसमोर आला.

निकल्सला दुर्दैवी कलावंत म्हणून हळहळत ऐकण्याचं कारण नाही. पियानो आणि ड्रम यांच्यातला मानपान मोडून त्याने दोघांना एका पंक्तीत बसवलं. जॅझमध्ये रचनाकार म्हणून त्याचं स्थान या कामावर ठरायला हवं, आणि ते पहिल्या रांगेतलं आहे.