रस्ता भरण्याआधी बसची वाट

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. त्या काळी येरवडा मागे पडले की पुढची खराडी, वाघोली ही शेतीची गावे होती. तीच वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. नगरचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. रस्ता मात्र तोच. त्याच्या दोन्ही बाजूंना आज गोदामे, महाविद्यालये, दवाखाने आणि दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ वाहनांची रांग हलता हलत नाही.

हे एकट्या नगर रस्त्याचे गाऱ्हाणे नव्हे. तुमच्या तालुक्याच्या गावाबाहेर जो मोठा रस्ता जातो तो डोळ्यांपुढे आणा. आधी फाट्यावर चहाची टपरी येते, मग गॅरेज, मग पत्र्याची शेड. कोणीतरी शेताचे तुकडे पाडून प्लॉट विकतो. पाच-दहा वर्षांत तिथे वस्ती होते, शाळा निघते आणि रस्ता अडू लागतो. मग सगळे एकच उपाय सांगतात, "रस्ता रुंद करा." रस्ता रुंद होतो, चार दिवस बरे वाटते, आणि पुन्हा तीच गत. असे का व्हावे?

हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही, शाळेतले अंकगणित पुरते. गाड्यांची एक रांग जाईल एवढ्या रस्त्याच्या पट्ट्याला मार्गिका म्हणतात. ती साधारण साडेतीन मीटर रुंद असते. वाटेत सिग्नल असले आणि निम्मा वेळ तांबडा दिवा असला, तर अशा एका मार्गिकेतून तासाला नऊशेच्या आसपास मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. म्हणजे तासाला साडेतेराशे माणसे गेली. आता त्याच मार्गिकेत फक्त बस सोडा, मिनिटाला एक. एका बसमध्ये साठ माणसे धरली तर तासाला छत्तीसशे होतात. दुचाकी जमेस धरल्या तर पहिला आकडा काही वाढेल, हे खरे. पण बस आणखी दाट सोडल्या, लांब बस आणल्या, तर दुसरा आकडा त्याहून कितीतरी वाढतो. रस्ता तेवढाच, माणसे मात्र अडीच पटींहून जास्त.

म्हणजे रस्त्यावरून वाहने किती गेली हे मोजायचे नाही, माणसे किती गेली हे मोजायचे. ही एक गोष्ट पटली की जलद बसमार्गाची, म्हणजे ज्याला शहरात बी.आर.टी. म्हणतात त्याची, सारी कल्पना हाती येते.

या मार्गाची तीन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका. ती बहुधा रस्त्याच्या मधोमध असते. तुम्ही म्हणाल, डाव्या कडेला का नको? कडेला रिक्षा उभ्या राहतात, दुकानाचा माल उतरतो, गल्लीतून गाड्या बाहेर येतात. तिथे बसला मोकळी वाट मिळणे कठीण. दुसरे अंग म्हणजे स्थानक. त्याचा ओटा बसच्या पायरीइतका नव्हे, आतल्या फरशीइतका उंच असतो, आणि तिकीट आत शिरतानाच घ्यायचे असते. यात काय मोठेसे, असे वाटेल. हिशेब करा. एका थांब्यावर वीस माणसे एका दाराने पायऱ्या चढणार, प्रत्येकाला तीन सेकंद लागणार, म्हणजे बसचे एक मिनिट तिथेच गेले. असे वीस थांबे झाले की वीस मिनिटे गेली. ओटा समपातळीत असला, दारे रुंद असली, तिकीट आधीच काढलेले असले, तर तेच काम पंधरा-वीस सेकंदांत उरकते. शिवाय काठी टेकणारी आजी, कडेवर मूल असलेली बाई, चाकाच्या खुर्चीतला माणूस यांनाही कोणाचा हात न धरता बसमध्ये जाता येते.

तिसरे अंग बहुतेक वेळा विसरले जाते. ते म्हणजे रस्ता ओलांडण्याची सोय. स्थानक रस्त्याच्या मधोमध, मग प्रत्येक उतारूला जाता-येता निम्मा रस्ता ओलांडणे आले. तिथे नीट आखलेले पट्टे, वेग कमी करणारा उंचवटा, पादचाऱ्यांसाठी सिग्नल आणि मध्ये थांबायला सुरक्षित जागा नसेल, तर माणसे जीव मुठीत धरून पळतात. रस्त्याच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला शाळा असली म्हणजे याचा अर्थ काय होतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

ही तिन्ही अंगे एकत्र बसवून दाखवली ती ब्राझील देशातल्या कुरितीबा या शहराने. त्यांनी १९६६ मध्येच शहराचा आराखडा मंजूर केला. शहर कोणत्या दिशांनी वाढवायचे हे आधी ठरवले आणि त्या दिशांना मोठे रस्ते आखले. रस्त्याच्या मध्यभागी बसच्या दोन मार्गिका आणि त्यांच्या दोन्ही अंगांना जवळपासच्या वाहतुकीसाठी संथ रस्ते ठेवले. लांब जाणाऱ्या गाड्यांसाठी एक गल्ली सोडून समांतर एकेरी रस्ते केले. उंच इमारती बांधायच्या त्या या बसमार्गांच्या कडेलाच, बाकी ठिकाणी बैठी घरे, असा नियम घातला. जाइमे लेर्नर हे वास्तुविशारद १९७१ मध्ये तिथले नगराध्यक्ष झाले आणि १९७४ मध्ये पहिल्या मार्गिकांवर बस धावू लागल्या. यातला क्रम ध्यानात घ्या. आधी वाट राखली आणि वस्ती नंतर तिच्या कडेने वाढू दिली.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा झाला. पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर २००६ मध्ये प्रयोग सुरू झाला, तो आधीच भरलेल्या रस्त्यावर. जिथे रस्ता अरुंद तिथे मार्गिका तुटली, तीत खासगी गाड्या शिरल्या, आणि मधल्या थांब्यापर्यंत पोचणे उतारूंना जिकिरीचे झाले. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा मार्ग २००८ मध्ये झाला. तो जेमतेम सहा किलोमीटरांचा. पुढचा टप्पा झालाच नाही. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण लोकांची नाराजी टिकली आणि सरकारच्या निर्णयाने २०१६ मध्ये तो उखडण्यात आला. नगर रस्त्यावर येरवडा ते वाघोली अशी मार्गिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचेही भाग काढले गेले.

याउलट पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी ते किवळे हा मार्ग २०१५ मध्ये सुरू झाला, तो सुमारे ४५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर. पिंपळे निलख, रहाटणी, थेरगाव, रावेत ही एके काळची गावेच. तिथे मध्यभागी बंदिस्त स्थानके, समपातळीचा ओटा आणि त्याला जुळणाऱ्या दारांच्या बस, अशी सगळी मांडणी बसवता आली, कारण तिला लागणारी रुंदी तिथे होती. अडचणी तिथेही आहेत. मार्गिकेत घुसणारी वाहने तिथेही आवरावी लागतात. पण जागाच नसण्याची अडचण आणि शिस्त नसण्याची अडचण, यांत फरक आहे. शिस्त उद्या लावता येते. रस्त्याच्या कडेला चार मजले चढले की जागा मात्र पुन्हा मिळत नाही.

रुंदी किती लागते, तेही मांडून पाहू. बसच्या दोन मार्गिकांना सात मीटर, स्थानकाला चार. इतर वाहनांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन मार्गिका, म्हणजे चौदा मीटर. सायकलींना दोन-दोन असे चार, पदपथांना तीन-तीन असे सहा. बेरीज पस्तीस झाली. रिक्षा उभ्या करायला, झाडांना आणि गटारांना जागा धरली की चाळीसच्या पुढे जाते.

आता खरा प्रश्न येतो. ही जमीन कोणाची जाणार? रस्त्याकडेच्या शेतकऱ्याची. ज्याची दहा गुंठे जमीन सारी रस्त्यालगतच आहे त्याची सगळी जावी, आणि मागच्या शिवारातल्या माणसाला आयता रस्ता मिळून त्याच्या जमिनीचा भाव वाढावा, यात न्याय नाही. यावर एक जुना उपाय आहे, नगररचना योजना. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९१५ मध्येच कायदा झाला होता आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही तिची तरतूद आहे. पद्धत अशी. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या आणि रस्ता, शाळा, बाग यांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून ठरावीक हिस्सा काढायचा. समजा ४० गुंठ्यांतून १६ गेले, तर उरलेले २४ गुंठे नीट चौकोनी, रस्ता लागून असलेले, ज्याचे त्याला परत मिळतात. तोटाही सर्वांना वाटून आणि वाढलेला भावही सर्वांना. अहमदाबादने हा मार्ग सोडला नाही. शहराबाहेरचा सुमारे ७६ किलोमीटरांचा सरदार पटेल वर्तुळमार्ग मुख्यतः अशा योजनांतूनच झाला. तिथला जनमार्ग हा जलद बसमार्ग २००९ मध्ये सुरू झाला, त्यालाही आधीच्या पिढ्यांनी राखून ठेवलेल्या रुंद रस्त्यांचा आधार मिळाला.

कोणी म्हणेल, आमच्या गावाला आज दिवसातून चार एस.टी. येतात, आम्हाला याचे काय? चार एस.टी. येतात तेव्हाच ही गोष्ट स्वस्तात होते. मार्गिका आज बांधायची नाही, तिची जागा तेवढी राखायची. वीस वर्षांनी तिथून बस जाईल की आणखी काही, ते पुढची माणसे ठरवतील. आपण जागाच गमावली तर त्यांना ठरवायलाही काही उरणार नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीची मुले घेऊन एखाद्या सकाळी फाट्यावर, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, तासभर उभे राहा. सायकली, दुचाकी, मोटारी, वडाप, एस.टी. यांची नोंद करा आणि प्रत्येकात साधारण किती माणसे होती तेही लिहा. वर्गात येऊन कोणत्या वाहनाने किती जागा अडवली आणि किती माणसे नेली याचा तक्ता करा. गुणोत्तर आणि शेकडेवारी तर शिकवून होईलच, पण गावाच्या हाती खरे आकडे येतील.

त्या आकड्यांचा उपयोग आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत त्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे. बहुतेक हरकती "माझ्या जमिनीतून रस्ता नको" अशाच येतात, आणि त्या माणसाचे दुःख खरे असते. पण गावाने मिळून "रस्ता पुरेसा रुंद ठेवा, बसची जागा राखा, शाळेपुढे ओलांडण्याची सोय दाखवा, आणि जमीन एकट्यादुकट्याची न घेता योजनेतून सर्वांची सारखी घ्या" असे लिहून दिले, तर ती सूचना वजनदार ठरते. तेव्हा ग्रामसभेत आराखड्याचा नकाशा मागवा, भिंतीवर लावा, आणि आपल्या फाट्यावरच्या रस्त्याची रुंदी त्यात किती लिहिली आहे ते आधी वाचा.